घरातलं कासव : घेण्याआधी आणि घेतल्यावर

पाणकणीस :

"कासव घ्यायचंय, काय काय लागेल?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, पुढची तीस वर्षं ते राहणार कुठे? समोरचा गडबडतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर तळहातात मावणारं हिरवंगार पिल्लू असतं.

विकायला सगळ्यात जास्त दिसतं ते रेड इअर्ड स्लायडर, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं. मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. अंड्यातून बाहेर येतं तेव्हा जेमतेम ३ सेंटिमीटरचं असतं. नीट सांभाळलं तर मादी २५ ते ३० सेंटिमीटरची होते, नर थोडा लहान राहतो. आयुष्य २० ते ४० वर्षांचं. जमिनीवरची कासवं तर याहून कितीतरी जास्त जगतात. सेंट हेलेना बेटावरच्या जोनाथन नावाच्या कासवाचा जन्म १८३२ च्या आसपासचा मानतात.

"टाकी लहान ठेवली की कासव लहानच राहतं" हे अजूनही बिनदिक्कत सांगितलं जातं. साफ खोटं आहे. लहान टाकीत वाढ खुंटलेली दिसली तर ते आजारपण आहे. पाण्यातल्या कासवासाठी कवचाच्या दर सेंटिमीटरला साधारण १५ लिटर पाणी धरतात. म्हणजे २५ सेंटिमीटरच्या मादीला पावणेचारशे लिटर. पाण्याचंच वजन पावणेचारशे किलो, वर काच, दगड आणि स्टँड. ते कुठल्या भिंतीलगत ठेवणार आणि तिथली जमीन तेवढा भार पेलेल का, हे पिल्लू घरी आणायच्या आधी ठरवायचं असतं.

दुसरी गोष्ट उन्हाची. कासवाचं शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करत नाही, बाहेरून घेतं. स्लायडरला पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस लागतं आणि पाण्याबाहेर पूर्ण कोरडं होऊन बसता येईल अशी ३२ ते ३५ अंशांची जागा लागते. शिवाय यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण हवेत, २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या पट्ट्यातले. त्यांच्यामुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि ते असेल तरच अन्नातलं कॅल्शियम अंगी लागतं. खिडकीच्या काचेतून ऊब येते, प्रकाश येतो, यूव्हीबी जवळजवळ येत नाही. बंद खिडकीशी टाकी ठेवून "ऊन मिळतंय" असं समजू नका. यूव्हीबीचे बल्बही फसवे असतात. सहा महिने ते वर्षभरात त्यांचे किरण मंदावतात, पण उजेड तसाच दिसतो. बल्ब लावला त्या दिवसाची तारीख टाकीवर चिकटवून ठेवा.

हे सगळं इतक्या कळकळीने सांगते, कारण कासव काटक असतं. १९६८ साली सोव्हिएत संघाच्या झोंड ५ यानातून दोन रशियन कासवं चंद्राला वळसा घालून जिवंत परतली होती. हाच काटकपणा घरात त्याच्या मुळावर येतो. चुकीच्या टाकीत, थंड पाण्यात, यूव्हीबीशिवाय ते महिनोन्महिने तग धरतं आणि आपल्याला वाटतं छान चाललंय. दुखणं दिसायला लागतं तोवर ते बरंच आत मुरलेलं असतं.

ज्यांच्याकडे कासवं आहेत त्यांनी लिहा, ज्यांना घ्यायचंय त्यांनी विचारा.


निवांत :

छान धागा. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला कासव हवंय. "कुत्रा नको तर कासव तरी दे" असं चाललंय. लहान मुलांसाठी बरं का? आणि पाठीवर रंगीत नक्षी काढलेली कासवं बघितलीत, तो रंग चालतो?


पाणकणीस :

निवांत, कासव तुम्ही घ्या, मुलाला बघू द्या. असं झालं तर उत्तम. मुलाचं म्हणून घ्याल तर तो मोठा होऊन घराबाहेर पडेल आणि कासव तुमच्याकडे असेलच.

लहान मुलांच्या बाबतीत काळजी साल्मोनेलाची. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या आतड्यातही हे जिवाणू असू शकतात, विष्ठेतून ते पाण्यात आणि कवचावर येतात. मुलं पिल्लू हातात घेतात, तोंडालाही लावतात. म्हणूनच अमेरिकेत १९७५ पासून ४ इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळायला विकायला बंदी आहे. पाच वर्षांच्या आतलं मूल, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी घरात असेल तर मी नको म्हणेन. तुमच्या मुलाला साबणाने हात धुवायची सवय आधी लावा. टाकीचं सामान स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचं नाही, ही सगळ्या घराची शिस्त.

रंग अजिबात नको. कवच म्हणजे वर ठेवलेलं झाकण नव्हे, पाठीचा कणा आणि बरगड्या त्यातच मिसळलेल्या असतात. ते जिवंत हाड आहे, वर केराटिनचं पातळ आवरण. त्याला स्पर्श कळतो. रंगाने आवरणाची साल निघायला अडथळा होतो आणि खाली काही कुजत असेल तर दिसतही नाही.

आणि उचलून घेणं त्याला आवडत नाही. जंगलात त्याला वर उचलतो तो शिकारीच. मुलाला खायला घालू दे, ते पोहताना बघू दे. माणूस दिसला की काचेशी धावत यायला ते लवकर शिकतं.


घाटवाट :

जमिनीवरच्या कासवांबद्दल थोडं सविस्तर लिहितो. माझ्याकडे सुलकाटा आहे.

सुलकाटा सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं. गॅलापागोस आणि अल्डाब्राची महाकाय कासवं सोडली तर जमिनीवर याच्याएवढं मोठं कासव नाही. पिल्लू मुठीत मावतं, मोठं झाल्यावर ४०-५० किलो सहज होतं, नर त्याच्याही पुढे जातात. बिळं खणतं, ती काही मीटर लांब. कुंपण जमिनीच्या वर कितीही भक्कम असलं तरी खालून निघून जातं. बाग नसेल, बाग असली तरी तिचा मोह सुटत नसेल, तर सुलकाटाचा विचार करू नये. लहान जागेत जमिनीवरचंच कासव हवं असेल तर रशियन किंवा हर्मन जातीचं बघा. त्यांनाही काचेची टाकी नकोच, बाहेरचं दिसत राहतं आणि ती दिवसभर काचेला धडका देत बसतात. लाकडी, अपारदर्शक भिंतींचा पसरट हौद बरा.

आता कवचावरच्या उंचवट्यांबद्दल. कवचाचा एकेक खवला पिरॅमिडसारखा वर आलेली कासवं खूप दिसतात आणि काहींना ते त्यांचं सौंदर्य वाटतं. तो वाढीतला दोष आहे. पूर्वी सगळा ठपका जास्त प्रथिनांवर ठेवत. पण सुलकाटाच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात हवेतला ओलावा जास्त महत्त्वाचा ठरला. "वाळवंटातलं कासव, कोरडं ठेवा" हा सल्ला त्यामुळेच घातक. वाळवंटातलं पिल्लूही दिवसाचा बराच वेळ बिळात किंवा गवताच्या बुडाशी दमट जागेत काढतं. हौदाच्या एका कोपऱ्यात ओलसर माती आणि वर आडोसा ठेवा, त्यात शिरून बसता आलं पाहिजे. पिल्लाला रोज १५-२० मिनिटं कोमट पाण्यात बसवा, पाणी हनुवटीच्या खालीच.

त्या पाण्यात काय पडतं ते बघत जा. लघवीबरोबर पांढरा युरेट बाहेर येतो. तो टूथपेस्टसारखा मऊ असेल तर पाणी पुरतंय. बोटात चिरडल्यावर कचकच लागली तर कासव कोरडं पडतंय, असंच चालू राहिलं तर मूत्राशयात खडा होतो. हे तपासायला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही आणि वेळेआधी कळतं. हात मात्र नंतर धुवा.

खाणं म्हणजे गवत, रानपाला, जास्वंदीची पानं-फुलं, काटे काढलेला निवडुंग. भरपूर चोथा, कमी प्रथिनं. फळं देऊ नका, आतड्यातले चोथा पचवणारे जिवाणू बिघडतात. लाल पायांचं दक्षिण अमेरिकन कासव याला अपवाद, ते मुळातच फळं खातं. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. माकुल माशाचं हाड, म्हणजे समुद्रफेस, कोपऱ्यात टाकून ठेवा. हवं तेव्हा ते स्वतःच कुरतडतं.

दोन नर एकत्र ठेवू नका. एक दुसऱ्याला उलटा पाडतो आणि उन्हात उलटं पडलेलं कासव मरू शकतं, फुप्फुसांवर आतड्यांचा भार येतो आणि अंग तापत जातं.


सावली :

सगळं वाचून वाटायला लागलं की कासव पाळणं म्हणजे दवाखाना चालवणं! आमच्याकडे अंगणातल्या हौदात स्लायडर वर्षानुवर्षं आहे. बल्ब नाही, हीटर नाही. खाते, पोहते, उन्हात पडून असते. तुम्ही नवीन लोकांना उगाच घाबरवताय असं वाटतं.


पाणकणीस :

सावली, तुमच्या कासवाला जे मिळतंय ते कुठल्याही बल्बपेक्षा सरस आहे. उघड्या आकाशाखालचं ऊन, मोठा हौद, बसायला काठ. हवामान त्याला मानवणारं असेल तर बल्बची गरजच नाही. माझं म्हणणं घरातल्या टाकीबद्दल आहे, तिथे यातलं काहीच आपोआप मिळत नाही.

हौदाची अर्धी बाजू सावलीत असू द्या, पाणी फार तापलं तर तिला जायला जागा हवी. आणि पक्ष्यांसाठी वर जाळी.


सावली :

सावली आहे, झाड आहे वर. जाळी नाही, ती बसवून घेते. कासव मोठं आहे म्हणून विचार केला नव्हता.


काजवा :

मदत हवी आहे. लहान स्लायडर, दोन्ही डोळे सुजून बंद. खाणं जवळपास बंद झालंय. आधी रोज वाळवलेले कोळंबीसारखे किडे आवडीने खायचं, दुसरं काही दिलं नाही. पाण्यात हीटर आहे, यूव्हीबी नाही. एकाने डोळ्यात टाकायचे थेंब सांगितलेत, दुसऱ्याने जंताचं औषध. काय करू?


शिंपला :

काजवा, मी पशुवैद्य आहे. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून पहिला संशय अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. नुसत्या वाळवलेल्या किड्यांवर वाढवलेल्या पिल्लांत हे नेहमी दिसतं. पापण्यांच्या ग्रंथी सुजतात, आत चिकट पांढरा साका धरतो, डोळे मिटतात. पाण्यातलं कासव अन्न नजरेनेच शोधतं, म्हणून डोळे मिटले की खाणंही सुटतं. घाणेरड्या पाण्यानेही डोळे सुजतात, तेव्हा पाण्यातला अमोनिया तपासून घ्या.

जंताचं औषध अजिबात देऊ नका. कुत्र्या-गुरांना देतात ते आयव्हरमेक्टिन कासवांना विषारी आहे, अंग लुळं पडून कासव मरतं. नेमकं काय दिलं जातंय हे माहीत नसताना तो धोका पत्करू नका. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही ओळखीच्या कुणाकडून टोचून घेऊ नका, मात्रा जास्त झाली तर कातडी सोलून निघते.

आज एवढं करा. पाणी बदला, २७-२८ अंशांवर ठेवा, खोली इतकीच की मान वर करून श्वास घेता येईल. डोळे जबरदस्तीने उघडू नका. सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर शोधा आणि उद्याच न्या.

आणखी एक बघून सांगा. पोहताना ते एका बाजूला कलतं का? नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, मान लांब करून वर धरणं?


काजवा :

बुडबुडे नाहीत. पण आत्ता लक्ष देऊन बघितलं तर डावी बाजू जरा वर राहतेय. खाली जायला बघतं आणि परत वर येतं.


शिंपला :

मग उद्यावर टाकू नका, आज दवाखाना उघडा असेल तर आजच. कलणं न्यूमोनियाचं लक्षण असू शकतं. ज्या फुप्फुसात स्राव भरतो ती बाजू जड होते. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, खोकून कफ बाहेर काढता येत नाही, त्यामुळे ते आपोआप बरं होत नाही. पोटात वायू झाला तरी असंच तरंगतं, फरक एक्स-रेमध्ये कळतो.

नेताना पाण्यात घालून नेऊ नका. झाकणाला भोकं असलेला कोरडा डबा, तळाशी ओलसर मऊ कापड, बाहेरून गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून. टाकीच्या पाण्याचा नमुना आणि तुम्ही घालता त्या खाण्याचं पाकीट सोबत न्या.


काजवा :

निघालो. धन्यवाद.


उंबरठा :

काजवा, कळवा काय झालं ते.

माझा प्रश्न पाण्याचा. दोन दिवसांत वास येतो. सगळं पाणी उपसून टाकी चकचकीत घासते, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुते, तरी तेच.


पाणकणीस :

उंबरठा, चकचकीत घासल्यामुळेच वास येतोय. विष्ठेतून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचा नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचा नायट्रेट, जो बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू स्पंजमध्ये आणि दगडांवर वस्ती करतात आणि वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. तुम्ही दर वेळी सगळं परत शून्यावर आणताय.

आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, नवीन पाण्यातलं क्लोरीन काढून. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा. कासव माशांच्या मानाने फार घाण करतं, म्हणून फिल्टर माशांच्या टाकीच्या हिशोबाने घेऊ नका, तुमच्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा घ्या. तळाशी बारीक खडे असतील तर काढून टाका, कासवं ते गिळतात. आणि पाणी उथळ ठेवलं असेल तर वाढवा. निरोगी कासव बुडत नाही, उलट पाणी कमी असेल आणि ते उलटं पडलं तर सरळ होता येत नाही. कवचाच्या लांबीच्या दीडपट खोली किमान हवी. शिंपला यांनी वर उथळ पाणी सांगितलंय ते आजारी पिल्लासाठी.


झुळूक :

आमची मादी एकटीच आहे, कधी नर बघितलेला नाही. काही दिवसांपासून खात नाही आणि टाकीच्या कोपऱ्यात मागच्या पायांनी सतत काच खरवडते. आजारी आहे का?


घाटवाट :

अंडी असतील, झुळूक. नर नसला तरी मादी अंडी घालते, कोंबडीसारखीच, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. अंडी घालायला तिला जमीन हवी. मोठ्या टबात ओलसर वाळू आणि माती मिसळून निदान २०-२५ सेंटिमीटर खोल भरा, वर ऊब राहू द्या, तिला त्यात सोडा आणि खोलीतून बाहेर जा. कुणी बघतंय असं वाटलं तर सगळं सोडून देते.

जमलं तर दाराच्या फटीतून बघा. ती खड्ड्याकडे एकदाही वळून बघत नाही. आधी एक मागचा पाय खाली जातो, पंजा वळवून माती उचलतो, बाजूला ठेवतो, मग दुसरा. माती कोरडी लागली तर मूत्राशयातलं पाणी सोडून भिजवते. अंडी पडल्यावर त्याच पायांनी माती ओढून थापते आणि निघून जाते.


शिंपला :

घाटवाट म्हणतात ते बरोबर. जागा देऊनही दोन-तीन दिवसांत अंडी आली नाहीत, ती मलूल झाली, जोर करतेय पण काही येत नाही किंवा मागचे पाय ओढतेय, तर एक्स-रे काढून घ्या. अंडी अडकतात, त्यावर उपचार आहेत, पण वेळेत यायला हवं.

खाणं सोडण्याचा विषय निघाला म्हणून थंडीतल्या झोपेबद्दलही सांगते. सुलकाटा आणि तारा कासव थंडीची झोप घेतच नाहीत. रशियन, हर्मन घेतात, पण आजारी, बारीक किंवा पोटात अन्न असलेल्या कासवाला झोपवायचं नसतं. खोली गार झाली म्हणून कासव सुस्त पडून आहे, ही ती झोप नव्हे. पचन होईल इतकी ऊब नाही आणि शरीर थंडावेल इतका गारठाही नाही, अशा अधल्यामधल्या तापमानात कासव झिजत जातं. महिन्यातून एकदा वजन करून वहीत लिहा, झीज डोळ्यांआधी काट्याला कळते.


निवांत :

तारा कासवाचं नाव आलं म्हणून विचारते, ते पाळता येतं?


पाणकणीस :

भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या कोरड्या भागातलं ते कासव. सुंदर आहे म्हणूनच त्याची जगभर तस्करी होते. २०१९ साली ते साईट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेलं, म्हणजे जंगलातून पकडलेल्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते घरात ठेवणं गुन्हा आहे. कुणी "कागदपत्रं नंतर देतो" म्हणत असेल तर ते जंगलातून उचललेलं आहे असंच समजा. कुठलीही जात घेण्याआधी आपल्या देशाचा कायदा तपासून बघा. जपानमध्ये २०२३ पासून स्लायडर विकायला आणि सोडायला बंदी आहे, युरोपीय संघानेही १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली होती.


काजवा :

एक्स-रे झाला. उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया आणि अ जीवनसत्त्वाची कमतरता, दोन्ही. इंजेक्शनं सुरू केलीत. डॉक्टर म्हणाले सुरुवातीला येऊन बरं झालं. यूव्हीबी बल्ब आजच लावला, वर तारीख लिहून. खाणं बदलायची यादीही दिलीय.


शिंपला :

छान. इंजेक्शनांचा कोर्स पूर्ण करा, खायला लागलं म्हणून मध्येच थांबू नका.


पाऊलवाट :

उशिरा लिहितेय. आम्ही घर बदलतोय, नव्या जागेत माझ्या स्लायडरची टाकी मावणार नाही. मोठी आहे, धडधाकट आहे. जवळ मोठं तळं आहे, तिथे आधीच कासवं दिसतात. तिथे सोडली तर ती मोकळी राहील असं घरचे म्हणतात. मनाला पटत नाही.


पाणकणीस :

पाऊलवाट, तुमच्या मनाला पटत नाही तेच बरोबर आहे. सोडू नका. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत स्लायडर आहे, आणि तो तिथे गेला तो अशाच घरातून सोडलेल्या कासवांमुळे. तळ्यातल्या मूळ कासवांच्या उन्हाच्या जागा ती बळकावते, अन्न खाते, आणि स्वतः ठणठणीत असूनही त्यांना रोग देऊ शकते. हवामान मानवलं नाही तर तुमची मादीच आधी मरेल.

प्राणी बचाव संस्था, सरपटणारे प्राणी सांभाळणारे अनुभवी लोक, प्राणिसंग्रहालय, तुमचे पशुवैद्य, या सगळ्यांना आत्तापासून विचारायला लागा. जागा मिळायला महिने जातात, प्राणिसंग्रहालयं सहसा नाही म्हणतात. सोबत टाकी आणि फिल्टर देणार म्हटलं की होकार लवकर येतो. घर बदलायच्या आधी कुणी मिळालं नाही, तर मोठा प्लास्टिकचा टब, फिल्टर, दिवा आणि बसायला फळी यावर काही महिने निभावता येतं.


सावली :

पाऊलवाट, आमच्या हौदात एकीला जागा होईल असं वाटतं. पण आधी पाणकणीस आणि शिंपला यांना विचारते, दोन मोठ्या माद्या एकत्र चालतात का?


शिंपला :

हौद मोठा असेल, उन्हाला बसायच्या जागा दोन असतील आणि खाणं वेगवेगळ्या टोकांना टाकत असाल तर बहुधा चालतं. नवीन मादी निदान तीन महिने वेगळ्या टबात ठेवा, विष्ठा तपासून घ्या, जाळी-भांडी वेगळी वापरा. नंतरचे पहिले काही दिवस लक्ष ठेवा, शेपटीला किंवा पायाला चावे दिसले तर लगेच वेगळ्या करा.


पाऊलवाट :

सावली, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय. टब, फिल्टर, दिवा सगळं देते.


पाणकणीस :

वजनाची वही ठेवली असेल तर तीही द्या. आणि ती काय खाते, काय नाकारते, शेवटची अंडी कधी घातली, हे सगळं एका कागदावर लिहून.